खलित्याची वाट आणि खर्चाचा कागद

ट्रफाल्गरची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झाली. तिने मागे ठेवलेल्या कागदांची संख्या प्रचंड आहे. जहाजांची रोजनिशी, सेनापतींची पत्रे, खलाशांच्या आठवणी आणि सरकारी राजपत्र या साऱ्यांवर दोनशे वर्षे अभ्यास चालू आहे. त्याच ढिगात एक अगदी रूक्ष कागद आहे. लढाईचा खलिता लंडनला नेणाऱ्या लेफ्टनंट जॉन रिचर्ड्स लॅपनोटिअर या अधिकाऱ्याने नौदल खात्याकडे मागितलेल्या प्रवासखर्चाचा तो हिशेब आहे. फाल्मथ बंदरापासून लंडनच्या ॲडमिरल्टी कचेरीपर्यंत घोडे कुठे कुठे बदलले, याची ठिकाणे त्यात ओळीने आली आहेत आणि तळाशी बेरीज आहे ४६ पौंड १९ शिलिंग १ पेनी.

लढाईच्या इतिहासात या कागदाला तळटीपेपुरतीच जागा मिळते. पण नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या या लांब रस्त्याचा इतिहास लिहायचा असेल, तर माझ्या मते सेनापतीच्या खलित्याहून तो मोलाचा आहे. खलित्याने वीरांची नावे टिकवली आणि या बिलाने रस्ता टिकवला. एका विशिष्ट आठवड्यात तो रस्ता कसा चालत होता, कुठे थांबत होता, कोणाच्या कष्टावर उभा होता, हे त्यातून वाचता येते. मात्र ते वाचताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कागद काय सांगतो ही पहिली, कागदावरून आपण कोणता तर्क करतो ही दुसरी आणि लोकपरंपरा काय सांगते ही तिसरी. या तिघांची सरमिसळ झाली की इतिहासाची आख्यायिका होते.

बंदर फाल्मथ का?

लॅपनोटिअर ‘पिकल’ नावाच्या छोट्या स्कूनरचा प्रमुख होता. ट्रफाल्गरला हजर असलेल्या ब्रिटिश जहाजांत तिच्याहून लहान एकच होते. आरमाराचा सेनापती नेल्सन लढाईत मारला गेल्यावर सूत्रे त्याचा दुय्यम कॉलिंगवुड याच्याकडे आली. लढाईची हकीकत सांगणारा त्याचा खलिता २२ ऑक्टोबरचा आहे आणि त्याला जोडलेले दुसरे पत्र २४ ऑक्टोबरचे. २६ ऑक्टोबरला त्याने लॅपनोटिअरला लेखी हुकूम दिला. हा हुकूम काळजीपूर्वक वाचला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. प्लिमथला जावे आणि तिथून ॲडमिरल्टीचे सचिव विल्यम मार्सडन यांच्याकडे खलिता पोहोचता करावा, असे त्यात म्हटले आहे. पूर्वेचा वारा आडवा आला आणि प्लिमथ गाठणे अवघड झाले, तर इंग्लंडचे जे पहिले बंदर हाती लागेल तिथे उतरावे. शत्रूचे जहाज भेटले तर खलिता समुद्रात बुडवता यावा, अशी तजवीज आधीच करून ठेवावी.

म्हणजे फाल्मथ हे ठरवलेले ठिकाण नव्हते. हुकुमात दिलेली पर्यायी मुभा वापरून लॅपनोटिअर तिथे उतरला. वाटेतल्या वादळात जहाज हलके करण्यासाठी ‘पिकल’वरच्या चार तोफा समुद्रात लोटाव्या लागल्या. ४ नोव्हेंबर, सोमवारी सकाळी जहाज फाल्मथसमोर आले. पावणेदहाच्या सुमारास लॅपनोटिअर होडीने किनाऱ्यावर उतरला आणि ‘पिकल’ प्लिमथकडे निघून गेली.

फाल्मथ हे योगायोगाने मिळालेले बंदर असले, तरी बातमी घेऊन उतरायला त्याहून सोयीची जागा तिकडे नव्हती. १६८८ पासून ते टपालजहाजांचे ठाणे होते. आयबेरियन द्वीपकल्पातली, वेस्ट इंडीजमधली, अमेरिकेतली पत्रे तिथे उतरत आणि रस्त्याने लंडनला जात. त्यामुळे भाड्याच्या गाड्या, ताजे घोडे, रात्री-अपरात्री उठणारे मोतद्दार ही सगळी व्यवस्था तिथून लंडनपर्यंत आधीच बसलेली होती. लॅपनोटिअरने नवीन काहीच उभे केले नाही. शंभराहून अधिक वर्षे व्यापाऱ्यांच्या पत्रांनी मळलेल्या वाटेवर तो चढला.

इथे पेन्झान्सची एक कथा आडवी येते. तिथल्या मासेमारी होडीला ‘पिकल’ समुद्रातच भेटली, बातमी आधी पेन्झान्सला पोहोचली, नगराध्यक्षाने ती सभागृहाच्या सज्जातून जाहीर केली आणि लोक निशाण घेऊन मॅड्रनच्या चर्चपर्यंत चालत गेले, असे सांगतात. मॅड्रनला नेल्सनच्या स्मरणार्थ आजही प्रार्थना होते आणि ते निशाणही दाखवले जाते. ही कथा कॉर्नवॉलच्या लोकांना प्रिय आहे आणि तिच्याबद्दलचा त्यांचा जिव्हाळा खरा आहे. पण ती पुढच्या पिढ्यांच्या सांगण्यातून आपल्यापर्यंत आली आहे, म्हणून तिची जागा परंपरेच्या रकान्यात. हिशेबाचा कागद फाल्मथपासून सुरू होतो आणि आपल्यालाही तिथूनच निघावे लागते.

एकवीस बदल्या

बिलातली ठिकाणे क्रमाने अशी आहेत: ट्रुरो, ब्लू अँकर, बॉडमिन, लॉन्सेस्टन, ओकहॅम्प्टन, क्रॉकर्नवेल, एक्सिटर, हॉनिटन, ॲक्समिन्स्टर, ब्रिडपोर्ट, डॉर्चेस्टर, ब्लॅन्डफर्ड, वुडयेट्स, सॉल्सबरी, अँडोव्हर, ओव्हर्टन, बेसिंगस्टोक, हार्टफर्ड ब्रिज, बॅगशॉट, स्टेन्स, हाउन्स्लो आणि शेवटी ॲडमिरल्टी. घोड्यांच्या बदल्या एकवीस, टप्पे बावीस, अंतर सुमारे २७१ मैल, म्हणजे ४३६ किलोमीटर.

ही यादी एकट्या बिलावर उभी नाही. जॉन केरी या नकाशाकाराने टपालखात्यासाठी मोजणी करून १७९८ मध्ये रस्त्यांचे मोठे मार्गदर्शक पुस्तक छापले होते. प्रवासी अशी पुस्तके गाडीत बरोबर ठेवत. दुसरा साक्षीदार कवी रॉबर्ट साउदी आहे. १८०७ मध्ये त्याने एका कल्पित स्पॅनिश प्रवाशाच्या नावाने इंग्लंडचे प्रवासवर्णन लिहिले. हा प्रवासी फाल्मथला उतरतो आणि ट्रुरो, बॉडमिन, लॉन्सेस्टन, ओकहॅम्प्टन, एक्सिटर, हॉनिटन, ॲक्समिन्स्टर, ब्रिडपोर्ट, डॉर्चेस्टर, ब्लॅन्डफर्ड, सॉल्सबरी, बेसिंगस्टोक, स्टेन्स, हाउन्स्लो असाच लंडनला जातो. प्रवासी कल्पित असला, तरी साउदी स्वतः फाल्मथहूनच जहाजाने पोर्तुगालकडे गेला होता आणि रस्ता त्याच्या माहितीचा होता. खर्चाचा हिशेब आणि वाङ्मयीन पुस्तक हे एकमेकांशी संबंध नसलेले दोन कागद एकाच क्रमाने तीच गावे सांगतात, तेव्हा हा त्या काळचा रुळलेला मार्ग होता असे निःशंक म्हणता येते.

वेळेबाबत मात्र सावध राहावे लागते. बिलात तास-मिनिटे नाहीत. आपल्याकडे दोनच टोके आहेत. निघणे ४ तारखेच्या दुपारी बाराच्या सुमाराचे आणि पोहोचणे ६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराचे. मधले अंतर सदतीस तासांचे. सरासरी वेग ताशी साडेसात मैलांना थोडा कमी, बारा किलोमीटरच्या आसपास. मधल्या कोणत्याही गावी तो अमुक वाजता पोहोचला असे कोणी लिहिले, तर ते गणित आहे, नोंद नाही. मीही पुढे वेळा देणार आहे. त्या सगळ्या या सरासरीवरून काढलेल्या आहेत.

कॉर्नवॉल आणि डेव्हन: पहिली रात्र

ट्रुरोनंतरची बदली ब्लू अँकर या सराईत झाली. ही सराई फ्रॅडन गावात. बिलात गावाऐवजी सराईचेच नाव आहे, आणि ते स्वाभाविक आहे. प्रवाशाच्या लेखी ते ठिकाण गाव म्हणून नव्हे, तबेला म्हणून महत्त्वाचे होते.

बॉडमिनला पोहोचेपर्यंत दिवस मावळतीला आला असणार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य पावणेपाचच्या आत-बाहेर मावळतो आणि सरासरी वेगाने हिशेब केला तर तो त्याच सुमारास बॉडमिनला येतो. पुढचा टप्पा सगळ्या प्रवासातला सर्वांत लांब, सुमारे बावीस मैलांचा आणि उघड्या माळरानातला. बॉडमिन मूर म्हणजे ग्रॅनाइटचे खडक, दलदल आणि वारा. हा टप्पा अंधारातच पार पडला असणार. खगोलगणिताने पाहिले तर पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे संध्याकाळपासून मोठा चंद्र वर होता. आभाळ मोकळे असेल तर गाडीवानाला त्याचा उपयोग झाला असेल. एवढेच म्हणता येते आणि एवढेच म्हणावे.

या माळावर बोल्व्हेंटर इथे जमैका इन आहे. ती १७५० मध्ये बांधली गेली. डाफ्नी द्यू मॉरिए हिच्या १९३६ च्या कादंबरीमुळे ही सराई जगप्रसिद्ध झाली आणि आज ए-३० रस्त्यावरून जाणारे अनेक पर्यटक तिच्यापाशी थांबतात. लॅपनोटिअरच्या बिलात ती नाही. तिच्या दारावरून तो गेला असणार, कारण दुसरी वाट नव्हती. घोड्यांना श्वास घ्यायला घटकाभर थांबलाही असेल. पण तिथे घोडे बदलले नाहीत. आजची प्रसिद्धी आणि तेव्हाचे महत्त्व यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे ठिकाण या रस्त्यावर क्वचितच सापडेल.

माळावरून गाडी जाऊ शकत होती, हेही त्या पिढीचे नवे सुख होते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉर्नवॉलमध्ये चाकांपेक्षा घोड्यांच्या पाठीवरूनच अधिक वाहतूक होई. मग संसदेच्या कायद्यांनी टोल घेणारे रस्ते-ट्रस्ट स्थापन झाले. ट्रुरोचा १७५४ मध्ये, लॉन्सेस्टनचा १७६० मध्ये, बॉडमिनचा १७६९ मध्ये. स्थानिक जमीनदार आणि व्यापारी विश्वस्त होत, कर्ज उभारत, रस्ता खडीचा करत आणि नाक्यावर फाटक लावून पैसे वसूल करत. राजाची टपालगाडी या टोलातून मुक्त होती. भाड्याच्या गाडीला ते भरावेच लागत. नेल्सनच्या मृत्यूची बातमी घेऊन जाणारी गाडी भाड्याचीच होती.

लॉन्सेस्टनच्या खाली पोल्सन पुलावर टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल संपून डेव्हन सुरू होते. तिथून ओकहॅम्प्टन, डार्टमूरच्या उत्तर कडेने. मग क्रॉकर्नवेल. आज क्रॉकर्नवेल हे मुख्य रस्त्यापासून बाजूला पडलेले शांत खेडे आहे. चौपदरी ए-३० त्याला वळसा घालून जातो आणि ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्याला त्याचे नावही कळत नाही. पण ओकहॅम्प्टन ते एक्सिटर या चढ-उतारांच्या वाटेवर मधला तबेला हवाच होता आणि तो क्रॉकर्नवेलला होता. साउदीच्या प्रवाशाने लॉन्सेस्टनच्या बाजूला येताना इंग्लंडच्या सराया आणि रस्ते यांचे कौतुक केले आहे. ते कौतुक अशा खेड्यांच्या जिवावर उभे होते.

एक्सिटरला प्लिमथकडून येणारा रस्ता मिळतो. त्या आठवड्यात या मुद्द्याला वेगळे महत्त्व आले. २८ ऑक्टोबरला समुद्रावर ‘पिकल’ला ‘नॉटिलस’ हे जहाज भेटले होते आणि त्याचा कप्तान जॉन साइक्स याला बातमी समजली होती. तो पुढे प्लिमथला उतरला आणि त्यानेही लंडनचा रस्ता धरला. ॲडमिरल्टीला तो लॅपनोटिअरनंतर साधारण तासाभराने पोहोचला. एकाच रस्त्यावर, एकाच रात्री, दोन अधिकारी तीच बातमी घेऊन चालले होते आणि दोघांनाही लागतील तेवढे घोडे मिळाले. या रस्त्याची तयारी किती होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

डॉर्सेटचा वळसा

हॉनिटनला रस्ता फुटतो. आजचा ए-३० तिथून चार्ड, क्रूकर्न, योव्हिल, शाफ्ट्सबरी असा सॉल्सबरीला जातो. स्टोनहेंजवरून जाणारा ए-३०३ त्याच्याही उत्तरेला. लॅपनोटिअर यांपैकी कोणत्याही वाटेने गेला नाही. तो दक्षिणेकडे ॲक्समिन्स्टर, ब्रिडपोर्ट, डॉर्चेस्टर, ब्लॅन्डफर्ड असा गेला. आजच्या क्रमांकांत सांगायचे तर ए-३५ आणि ए-३५४. हे क्रमांक विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रस्त्यांच्या सरकारी वर्गीकरणात पडले. १८०५ च्या प्रवासाला ‘ए-३० चा प्रवास’ म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

या वळशावरची गावे आपापल्या कारणाने नोंद घेण्यासारखी आहेत. ॲक्समिन्स्टरला थॉमस व्हिटी याने १७५५ मध्ये गालिच्यांचे विणकाम सुरू केले आणि गावाचे नाव गालिच्याचे नाव झाले. ब्लॅन्डफर्ड १७३१ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. जॉन आणि विल्यम बॅस्टर्ड या स्थानिक बंधूंनी ते नव्याने बांधले आणि त्यामुळे एकाच शैलीत उभे राहिलेले जॉर्जियन गाव आजही पाहायला मिळते. पण मला या ओळीत सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते ब्रिडपोर्ट. सरासरीने हिशेब केला तर लॅपनोटिअर ५ तारखेच्या पहाटे, उजाडता उजाडता, तिथे पोहोचतो. ब्रिडपोर्टच्या आसपासच्या शेतांत दोरासाठीच्या भांगेची (हेम्प) आणि जवसाची पिके येत. गाव शतकानुशतके दोर, सुतळी आणि जाळी वळण्यावर जगत आले आणि आरमाराच्या दोरखंडाशी त्याचा जुना संबंध होता. दोर वळायला लांब मोकळी जागा लागते, म्हणून तिथले रस्ते आणि परसे असामान्य रुंद आणि लांब आहेत. समुद्रावरच्या लढाईला जमिनीवरचे किती हात लागतात, हे या गावाच्या मांडणीत कोरलेले आहे.

ब्लॅन्डफर्डनंतरची वुडयेट्सची सराई आता उरलेली नाही. क्रॅनबर्न चेसच्या उघड्या टेकाडांवर, डॉर्सेट आणि विल्टशर यांच्या सीमेजवळ ती होती. राजा तिसरा जॉर्ज वेमथच्या समुद्रकिनारी हवापालटासाठी जाई, तेव्हा घोडे बदलायला इथे थांबे. शेजारून रोमन लोकांचा जुना रस्ता अजून बांधासारखा उंच दिसतो. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जनरल पिट-रिव्हर्स याने वुडयेट्सला उत्खनन करून रोमनकालीन वस्ती उघडी केली. सापडलेली प्रत्येक वस्तू कोणत्या जागी, किती खोलीवर मिळाली, हे नोंदवण्याबाबत तो अतिशय काटेकोर होता. क्षुल्लक वाटणारी वस्तूही तो टाकून देत नसे. राजाचा थांबा, लेफ्टनंटचा थांबा आणि रोमन वस्ती यांना जोडणारे कारण एकच आहे. टेकाडांच्या त्या पट्ट्यात कोरडी, उंच आणि सरळ वाट तिथूनच जाते, म्हणून प्रत्येक काळाने तीच निवडली.

दुसरी रात्र

सॉल्सबरी दुपारी दोनच्या आसपास, अँडोव्हर सूर्यास्ताच्या सुमारास. इथून पुढे टप्पे आखूड होत जातात. ओव्हर्टन ते बेसिंगस्टोक आठ मैल, पुढचे बहुतेक दहाच्या आत-बाहेर. लंडनजवळ गिऱ्हाईक दाट, म्हणून तबेलेही दाट. बिलात ओळी भराभर येऊ लागतात, ते याच कारणाने.

ओव्हर्टन आणि व्हिटचर्च यांच्यामध्ये लेव्हरस्टोक इथे पोर्टल घराण्याची कागद-गिरणी होती. १७२४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद हे घराणे बनवत होते. ज्या युद्धाची बातमी या रस्त्याने चालली होती, त्या युद्धाच्या काळात बँक ऑफ इंग्लंड नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवून बसली होती आणि १७९७ पासून देश कागदावरच्या विश्वासावर चालला होता. तो कागद याच रस्त्याच्या कडेला तयार होत होता.

त्या दिवशी तारीख ५ नोव्हेंबर. १६०५ चा संसद उडवण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून इंग्लंडभर त्या संध्याकाळी होळ्या पेटत, आणि त्या वर्षी त्याला बरोबर दोनशे वर्षे होत होती. अँडोव्हर ते हाउन्स्लो हा पट्टा लॅपनोटिअरने त्याच संध्याकाळी पार केला. होळ्यांची नोंद बिलात असण्याचे कारण नाही. पण प्रथा सार्वत्रिक होती, म्हणून त्याने त्या पाहिल्या असाव्यात हा तर्क मजबूत आहे.

हार्टफर्ड ब्रिजचा सपाट माळ घोडे दौडवायला प्रसिद्ध होता. बॅगशॉट आणि हाउन्स्लोची रानटी मैदाने दरोडेखोरांसाठी. साउदीचा प्रवासी या टापूत फाशी दिलेल्यांची प्रेते टांगून ठेवण्याच्या प्रथेविषयी लिहितो. पुढे ब्रेंटफर्ड, केन्सिंग्टन, हाइड पार्क कॉर्नरचे टोल-फाटक आणि व्हाइटहॉल.

ॲडमिरल्टीत काय घडले याचा मुख्य साक्षीदार मार्सडन आहे. सुमात्रा बेटाचा इतिहास लिहिणारा, मलय भाषेचा अभ्यासक म्हणून विद्वानांत ओळखला जाणारा हा माणूस तेव्हा ॲडमिरल्टीचा प्रथम सचिव होता. काम आटोपून तो झोपायला निघाला होता, तेवढ्यात रात्री एकच्या सुमारास लॅपनोटिअर आला. मोठा विजय मिळाला, पण नेल्सन गेला, या आशयाचे शब्द त्याने उच्चारले, असे मार्सडन सांगतो. मार्सडनने मग मेणबत्ती घेऊन ॲडमिरल्टीच्या वृद्ध प्रमुखाची, लॉर्ड बॅरमची, खोली शोधली आणि त्याला उठवले. बॅरम तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. ही हकीकत ज्या आत्मचरित्रात आहे ते मार्सडनच्या मृत्यूनंतर १८३८ मध्ये छापले गेले. घटना खरी आहे यात शंका नाही, कारण ६ नोव्हेंबरलाच राजपत्राचा विशेष अंक निघाला आणि त्यात कॉलिंगवुडचा खलिता छापला गेला. नेमके शब्द मात्र आठवणीतले आहेत, आणि आठवणीला तेवढी सूट द्यावी लागते.

बिलाचा अर्थ

आता बेरजेकडे परत येऊ. त्या काळी पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगच्या बारा पेन्या. ४६ पौंड १९ शिलिंग १ पेनी म्हणजे ११,२६९ पेन्या. २७१ मैलांनी भागले तर मैलाला साधारण साडेएकेचाळीस पेन्या, म्हणजे जवळजवळ साडेतीन शिलिंग पडतात. दोन घोड्यांच्या भाड्याच्या गाडीचा तेव्हाचा दर मैलाला सव्वा ते दीड शिलिंगच्या आसपास होता. चार घोडे जोडले की तो दुप्पट. त्यावर घोड्यावर स्वार होऊन गाडी हाकणाऱ्या पोस्टबॉयची बक्षिसी आणि वाटेतले टोल. हे सगळे धरले की साडेतीन शिलिंगचा आकडा चार घोड्यांच्या गाडीशी जुळतो, दोन घोड्यांच्या गाडीशी जुळत नाही. बिल हे उघड सांगत नाही, पण आकडे तिकडे बोट दाखवतात.

चार घोडे धरले तर बावीस टप्प्यांना अठ्ठ्याऐंशी घोडे लागले. दर टप्प्याला दोन पोस्टबॉय, म्हणजे चव्वेचाळीस स्वार. प्रत्येक सराईत घोडे सोडणारे आणि जोडणारे मोतद्दार, टोलनाक्यावर रात्री उठून फाटक उघडणारे रखवालदार, जागी असलेली एखादी स्वयंपाकीण. सदतीस तासांत हा खलिता किमान दीडशे-दोनशे माणसांच्या हातून पुढे सरकला, असे म्हणायला हरकत नाही. त्यांतले प्रत्येक जण आपले आठ-दहा, फार तर बावीस मैल करून परत आपल्या तबेल्यात गेले. सारा रस्ता फक्त लॅपनोटिअरने पाहिला. पण तो गाडीत बसून होता. रस्ता चालवला तो या माणसांनी.

घोड्यांचाही विचार करावा लागतो. साउदीने हॉनिटनच्या प्रकरणात इंग्लंडमधल्या वेगवान प्रवासातले धोके आणि त्यापायी जनावरांवर होणारी क्रूरता यांवर लिहिले आहे. इंग्लंडच्या रस्त्यांचा वेग युरोपभर वाखाणला जाई. त्या वेगाची किंमत घोड्यांच्या छातीतून वसूल होत होती. बिलात ती पैशांत बदललेली दिसते.

लॅपनोटिअरला बढती मिळाली आणि लॉइड्सच्या देशभक्त निधीकडून शंभर गिनींची तलवार मिळाली. तो १८३४ मध्ये वारला. कॉर्नवॉलमधल्या मेनहेनियट गावच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. ‘पिकल’ १८०८ मध्ये कादिझजवळ खडकावर फुटली. पोस्टबॉयांना त्या रात्री जी बक्षिसी मिळाली ती ४६ पौंडांच्या बेरजेतच विरघळून गेली आहे.

वाट बदलली

या पद्धतीचे दिवसही फार उरले नव्हते. लंडनहून पोर्ट्समथपर्यंत फळ्यांच्या उघडझापीने संदेश देणारे मनोरे १७९६ पासून होते आणि १८०६ मध्ये ती मालिका प्लिमथपर्यंत आली. त्यानंतर हवा स्वच्छ असेल तर प्लिमथचा छोटा संदेश काही मिनिटांत ॲडमिरल्टीला पोहोचू लागला. १८५९ मध्ये टेमर नदीवर अभियंता ब्रुनेलचा रेल्वेपूल झाला, १८६३ मध्ये रेल्वे फाल्मथला आली. सराया ओस पडल्या, ट्रस्ट बरखास्त झाले.

१८७० मध्ये या कथेचा धागा मुंबईपर्यंत पोहोचला. ‘फाल्मथ, जिब्राल्टर अँड माल्टा टेलिग्राफ कंपनी’ने इंग्लंड आणि मुंबई यांना जोडणाऱ्या समुद्री तारेच्या साखळीचा ब्रिटिश दुवा पूर्ण केला. कंपनीच्या नावात फाल्मथ आहे, कारण तार तिथे आणायचे ठरले होते. गजबजलेल्या बंदरात जहाजांच्या नांगरांनी ती तुटेल, या भीतीने ती प्रत्यक्षात लँड्स एंडजवळच्या पोर्थकर्नो या निर्जन खाडीत उतरवली गेली. मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप त्यानंतर काही आठवड्यांऐवजी काही तासांत लंडनला जाऊ लागला. त्या निरोपाला ब्लू अँकरच्या तबेल्याची गरज उरली नव्हती.

२००५ मध्ये लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा फाल्मथ ते लंडन या मार्गाला ‘ट्रफाल्गर वे’ असे नाव देण्यात आले आणि जिथे घोडे बदलले त्या गावांतून स्मृतिफलक लागले. ते चांगलेच झाले. फ्रॅडन, क्रॉकर्नवेल, वुडयेट्स यांसारख्या जागांना लोकांच्या नजरेत पुन्हा स्थान मिळाले, आणि ते मिळाले एका बिलामुळे. तरीही फलकांवरची कहाणी एका अधिकाऱ्याच्या शर्यतीची आहे. बिलात त्याहून मोठी कहाणी दडलेली आहे आणि ती पुढे नेण्याची साधने उपलब्ध आहेत. रस्ते-ट्रस्टांच्या सभांची इतिवृत्ते, टोलनाक्यांच्या लिलावांचे कागद, चर्चमधली जन्म-मृत्यूंची नोंदपुस्तके, सराईमालकांची मृत्युपत्रे हे सगळे त्या त्या परगण्यांच्या दप्तरखान्यांत आहे. कॉर्नवॉलचा दप्तरखाना २०१९ पासून रेडरुथ इथे ‘क्रेसन कर्नो’ या नव्या वास्तूत सर्वांसाठी खुला आहे. त्या कागदांत मोतद्दार, रखवालदार आणि पोस्टबॉय यांची नावे मिळण्याची खरी शक्यता आहे. नौदलाचा इतिहास पुरेसा लिहून झाला आहे. या रस्त्याचा पुढचा इतिहास तबेल्यांच्या बाजूने लिहिला पाहिजे, गाव गाव घेऊन, एकेका टप्प्याचा. त्या माणसांचे श्रम सरकारने मैलांच्या दराने मोजून चुकते केले. त्यांची नावे शोधून देण्याचे काम इतिहासकारांकडे अजून बाकी आहे.